इनोके सभा सोडून गेला तेव्हा

इनोके माझा मामेभाऊ. आमच्याकडे आतेबहिणीने मामेभावाची कितीही टर उडवावी, चारचौघांत त्याला म्हातारा बोका म्हणावं, तो चिडला तर त्याचंच हसं होतं. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकते, आमचा इनोके भित्रा आहे. सोळा वर्षं आमच्या बेटावरच्या नासोलेवू गावाचा कारभारी आहे, एकशे चाळीस माणसांच्या सभा चालवतो, आणि दर सभेच्या आदल्या दिवसापासून त्याचं पोट बिघडलेलं असतं. मी चौतीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई. पेरूच्या पाल्याचा काढा त्याला मीच करून देते, त्यामुळे हे मला गावात सगळ्यांत आधी कळतं.

"इनोके, त्यापेक्षा तू कोंबड्या पाळ," मी त्याला म्हणायची. "कोंबड्यांची सभा घ्यावी लागत नाही."

"कोंबड्याही भांडतात गं," तो म्हणायचा, आणि काढा नाक दाबून प्यायचा.

कारभारी व्हायच्या आधी तो सावुसावूच्या रस्त्यावर अकरा वर्षं बसमध्ये कंडक्टर होता. माणसं सांभाळायला तिथेच शिकला असं तो सांगतो. खिडकीपाशी कोणाला बसवायचं, डुक्कर घेऊन चढलेल्या माणसाला कोणाच्या शेजारी बसवलं तर मारामारी होणार नाही, हे त्याला चेहरा बघून कळायचं. मध्ये एकदा राजधानीत, सुव्हाला त्याला सरकारी शिबिराला पाठवलं होतं, सभा कशी चालवावी म्हणून. तिथून तो रंगीत कागदांचा गठ्ठा घेऊन आला. प्रत्येकाने आपलं मत कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचं म्हणे. आमच्या सभाघराला भिंती आहेत त्या बोरूच्या, त्यावर कागद चिकटतो कुठला! त्याच्या बायकोने त्या कागदांवर महिनाभर चूल पेटवली.

पण माणसं बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. आमच्याकडे सभा म्हणजे चटयांवर बसायचं, मधोमध यांगोनाच्या मुळाचं पाणी भरलेली मोठी काठवट, आणि करवंटी फिरत राहते. वादाच्या दिवशी इनोके सगळ्यांत तोंडाळ माणसाला काठवटीपाशी बसवून पाणी वाढायचं काम देतो. वाढता वाढता बडबडायला सवड मिळत नाही, आणि मान मिळाला म्हणून स्वारी खूश. ज्या दोघांचं वाकडं आहे त्यांना समोरासमोर कधी बसवत नाही, एकमेकांच्या बाजूला बसवतो. बाजूला बसलं की डोळ्याला डोळा भिडवायचा तर मान वळवावी लागते, आणि तेवढे कष्ट रागातसुद्धा कोणी घेत नाही. वातावरण फारच तापलं, की माझ्यासारख्या आतेबहिणीकडे किंवा कोणाच्या मेहुण्याकडे हळूच बघतो. आम्ही काहीतरी वाह्यात बोलतो, लोक हसतात, आणि सभा पुन्हा रुळावर येते.

त्या वर्षी मात्र त्याची सगळी विद्या पणाला लागली होती. दर मोठ्या भरतीला समुद्र आमच्या घरात येत होता. पाणी येतं, तासभर राहतं, निघून जातं, आणि मागे चुलीत मीठ. माझ्या शेजारची सुनबाई आपलं दोन महिन्यांचं पोर छताच्या वाशाला टांगलेल्या झोळीत ठेवायची आणि स्वतः खाली गुडघाभर पाण्यात उभी राहायची. पुढच्या मोठ्या वादळात काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

सरकार गाव वर टेकडीवर हलवून द्यायला तयार झालं. एकतीस घरं, रस्ता, पाणी. अट एकच. टेकडीची जमीन आमच्या वरच्या कुळाची, म्हणजे माझ्या वडिलांच्या कुळाची. त्यांच्यासकट गावातल्या तिन्ही कुळांनी मनापासून होकार द्यायचा, सह्या करायच्या. गुरुवारी अधिकारी येणार. सह्या नसतील तर ते काम त्याच आठवड्यात पुढच्या खाडीवरच्या गावाला जाणार, आणि आमचा नंबर पुन्हा कधी लागेल देव जाणे.

पहिली सभा महिन्याभरापूर्वी झाली होती. गावचे प्रमुख रातू सेमेसा आपल्या, तिसऱ्या कुळातर्फे "चांगलं आहे" म्हणाले. किनाऱ्याचं कूळ, म्हणजे इनोकेचं, "चांगलं आहे" म्हणालं. वरच्या कुळाचे जोलामेकाका करवंटी रिकामी करून खाली ठेवत राहिले, बोलले काहीच नाहीत. मोजणीवाले दुसऱ्याच दिवशी येऊन टेकडीवर पांढऱ्या खुंट्या मारून गेले. नव्या सभाघराची सपाट जागा तर इनोकेने स्वतः निवडली, मोठ्या इवीच्या झाडाखाली, छान सावलीत. आणि त्या दिवसापासून जोलामेकाका यांगोना प्यायला यायचे बंद झाले.

"काका नाही म्हणाले नाहीत ना?" रातूंचा पुतण्या पेनी म्हणाला. "मग हो धरा आणि लिहून टाका."

"गप्प बसलेला माणूस हो म्हणत नसतो," इनोके म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पेनी, तू अजून लहान आहेस."

पेनी एकेचाळीस वर्षांचा.

मंगळवारी निकालाची सभा ठरली. त्याआधीचे आठ दिवस इनोकेने घराघराचे उंबरे झिजवले. ती त्याची पद्धत. सभेत जे होणार ते आधी घरात बसून ऐकून घ्यायचं. जोलामेकाकांकडे तीनदा गेला. काकांनी त्याला उकडलेला कसावा खाऊ घातला, माशांविषयी बोलले, जाताना नातवासाठी पपया दिल्या. जमिनीचं नाव निघालं की काका बाहेर बघायचे.

खरं काय ते सांगू शकली असती लितिआ. लितिआ इनोकेची सख्खी धाकटी बहीण, जोलामेकाकांच्या धाकट्या भावाला दिलेली, आता विधवा. पण आमच्याकडे मोठं झाल्यावर बहीणभावाने एकमेकांशी बोलायचं नसतं. सख्खे असोत की चुलत, एका कुळातले सगळे बहीणभाऊच. समोर आले तर वाट सोडायची, एका ताटलीत हात घालायचा नाही, आणि बाईच्या अंगाचं, बाळंतपणाचं काही तर भावाच्या कानावर जाताच कामा नये. तो मानच असतो, राग नसतो त्यात. लितिआ इनोकेशी शेवटचा शब्द बोलली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, आणि त्याच्या प्रत्येक आजारपणात पहिली पेज तिच्या घरून आलेली आहे.

म्हणून त्याने मला पाठवलं. लितिआ अंगणात नारळ खवत बसली होती.

"तुझ्या भावाचं पोट बिघडलंय," मी म्हटलं. "जोलामेकाकांच्या मनात आहे तरी काय? टेकडी द्यायची नाही का?"

"टेकडी द्यायला कोण नाही म्हणतंय?" ती म्हणाली.

"मग सभाघराची जागा आवडली नाही का?"

तिचा हात थांबला. डोळे भरून आले. मग ती पुन्हा खवायला लागली, इतकी जोरात, की करवंटीचा काळा चुरा खोबऱ्यात पडायला लागला. मी अर्धा तास बसले. नर्सच्या नोकरीत मी कसले कसले कबुलीजबाब काढून घेतलेत, पण तिच्या तोंडून अक्षर निघालं नाही. मला राग आला. "नाही सांगायचं तर नको सांगूस, मरू दे गाव पाण्यात," असं बोलून मी उठून आले. अजून ते आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

इनोकेला मी घडलं तसं सांगितलं. तो काडेपेटीतली काडी काढून चावत बसला.

मंगळवारी दुपारी ढोल वाजला आणि सगळे जमले. भरती मोठी होती, दोन वाजता पाणी सगळ्यांत वर येणार होतं, म्हणून होड्या पार सभाघराच्या मागच्या भिंतीपर्यंत ओढून आणल्या होत्या. जोलामेकाका आले. तेवढ्यानेच इनोकेच्या जिवात जीव आला. पेनीला काठवटीपाशी बसवलं. बायका दाराच्या बाजूला बसल्या, वरच्या कुळातल्या सुना सगळ्यांत मागे, लितिआ त्यांच्यात.

इनोकेने नेहमीसारखी सुरुवात केली. मोठा प्रश्न विचारलाच नाही. वर गेल्यावर डुकरं कुठे बांधायची ते विचारलं. लोक बोलायला लागले. रस्ता कुठून, नळ कुठे, शाळेची पोरं कशी उतरणार. तासभर छान चाललं. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "जोलामेकाका, वरच्या कुळाच्या मनात काय आहे?"

काका चटईकडे बघत बसले. इनोके थांबला. तो थांबतो तेव्हा खरंच थांबतो, घसा खाकरत नाही, मदत करत नाही. मला तर ते सहनच होत नाही. मागे लाटा भिंतीपर्यंत येऊन आपटत होत्या. रातू आपल्या हातांकडे बघत होते. दोन दिवस उरलेत आणि हे सगळे पुतळे होऊन बसलेत!

तेवढ्यात बाहेर डुकरं ओरडायला लागली, कोणाचं तरी दावं सुटलं असावं. इनोके उठून बाहेर गेला. तो दाराबाहेर गेला आणि मागच्या चटईवर कुजबुज सुरू झाली. एक, मग दुसरी, मग चौघी-पाचजणी. तो परत आत आला आणि कुजबुज बंद.

मी बघत होते म्हणून मला दिसलं. तो दारातच थबकला. वरच्या कुळाच्या त्या सुनांच्या खाली घातलेल्या मानांकडे त्याने एकदा पाहिलं, मग नजर उचलून समोर बसलेल्या आपल्या कुळाच्या पुरुषांकडे. त्या सुना सगळ्या कुठून आलेल्या? किनाऱ्याच्या कुळातून. पिढ्यान्पिढ्या आमच्याकडे तशाच सोयरिकी होतात. म्हणजे त्या सगळ्या इनोकेच्या बहिणी, आणि त्याच्या कुळाच्या एकूण एक पुरुषाच्या बहिणी. इनोकेचा हात भिंतीवर टेकला.

"किनाऱ्याच्या कुळातल्या पुरुषांनो," तो म्हणाला, "पाणी वाढतंय. होड्या अजून वर घ्यायला हव्यात. चला."

"आत्ता?" पेनी ओरडला. तो काही किनाऱ्याच्या कुळातला नाही, पण ओरडायला त्याला कूळ लागत नाही. "सह्या कोण करणार?"

"होड्या गेल्या तर खाणार काय?" इनोके म्हणाला. मग माझ्याजवळ वाकला. "वासिती, सभा तू सांभाळ."

"मी? डोकं फिरलंय का तुझं? मला काय येतंय?"

"काही बोलू नकोस. एवढंच कर." तो दाराकडे वळत म्हणाला. "तुला जमणार नाही, तरी कर."

एकोणीस पुरुष कुरकुरत उठले आणि त्याच्यामागून गेले. गावाच्या जन्ममरणाचा निर्णय, आणि एक अख्खं कूळ दोर ओढायला बाहेर! रातूंच्या भुवया वर गेल्या, पण ते मोठ्या मनाचे, बोलले नाहीत.

मी बसले. आयुष्यात इतकं गप्प मी कधी बसले नव्हते. जीभ दातांखाली धरली होती. दर क्षणाला वाटत होतं, बोला की बायांनो, बोला, दोन दिवस उरलेत. पेनीने तोंड उघडलं, मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने करवंटी भरून रातूंच्या पुढे नेली. रिवाजाच्या टाळ्या वाजल्या. रातू प्यायले.

मग लितिआ बोलली. तिने मान वर केली नाही.

"त्या इवीच्या झाडाखाली माझी मुलगी आहे," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या वादळात तिचे दिवस भरले. नदीला पूर, होडी निघेना, आणि मी तेव्हा नोकरीवर दुसऱ्या बेटावर. मुलगी झाली, तिने श्वासच घेतला नाही. किनाऱ्यावरचं कबरस्तान पाण्याखाली होतं. तिच्या नवऱ्याने आणि जोलामेकाकांनी बाळाला चटईत गुंडाळून वर नेलं आणि त्या झाडाखाली ठेवलं. दगडसुद्धा ठेवला नाही. "पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडलेलं नव्हतं तिच्यावर," लितिआ म्हणाली. "आम्ही सांगितलं नाही कोणाला. आता तिच्यावर पाय देऊन सभा भरणार. मी कशी येऊ त्या सभेला?"

मग तिच्या बाजूची सेरा म्हणाली, "माझा मुलगा पण तिथेच आहे. लितिआताईच्या बाळाजवळ ठेवला, एकटा नको म्हणून." आणि तिच्यामागून आणखी एक. आणि आणखी एक. एकूण चार. जोलामेकाका रडत होते. त्यांनी चारही वेळा खड्डा खणला होता, आणि बायकांची गोष्ट त्यांच्या भावांसमोर पुरुषाने बोलायची नाही, म्हणून तीनदा कसावा खाऊ घालून इनोकेला वाटेला लावत होते.

मी तेव्हा मागच्या भिंतीकडे पाहिलं. बोरूची भिंत. तिच्यामागे होड्या. होड्यांपाशी एकोणीस माणसं. होडी ओढताना पुरुष एका सुरात ओरडतात, त्याशिवाय ती हलत नाही. कितीतरी वेळ एकही आवाज आला नव्हता.

इनोके परत आला तेव्हा त्याची सुलू, म्हणजे लुंगी, कमरेपर्यंत भिजलेली होती. तो आपल्या जागेवर बसला आणि मगाचाच प्रश्न, मगाच्याच आवाजात, त्याने काकांना विचारला.

"जमीन दिली," जोलामेकाका म्हणाले. "सभाघर तेवढं सरकवा."

"किती पावलं, काका?"

"वीस."

"हो ना," पेनी म्हणाला. "त्या झाडाखाली ती चार—"

"पेनी," रातू सेमेसा म्हणाले, "वाढ."

तिन्ही कुळांनी होकार दिला, सह्या झाल्या. मी घरी येऊन ढसाढसा रडले, सुटल्यासारखं वाटलं म्हणून की त्या चार पोरांसाठी, मला माहीत नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला इनोके माझ्या पायरीवर येऊन बसला. मला वाटलं खुशीत असेल. त्याने सोळा वर्षांच्या सभांच्या वह्या आणल्या होत्या.

"वासिती, ती पाण्याची टाकी," तो म्हणाला. "बांधून अकरा वर्षं झाली. बायका तिथे न जाता ओढ्यावर का जातात?"

"टाकीची वाट पुरुषांच्या आंघोळीच्या जागेवरून जाते," मी म्हटलं. "तिथून ओल्या कपड्यांनी भावांसमोरून कोण जाणार?"

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"सभेत? तुझ्यासमोर?"

त्याने वही उघडली. "दवाखान्याचा वार?"

"तोही चुकलाच. बायका-पुरुषांचा एकच वार."

"मुलींची वाट, शाळेची?"

मी मान हलवली. त्याने पानामागून पान उलटलं. प्रत्येक सभेखाली त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, सर्वानुमते. कोणाला कुठे बसवायचं हे ज्याला सगळ्या जिल्ह्यात सगळ्यांत चांगलं कळत होतं, त्याने स्वतः कुठे बसावं हे कधी पाहिलंच नव्हतं. काहीतरी टोमणा मारून त्याला हसवावं असं मला वाटलं, पण सुचलं नाही.

"जोलामेकाका गप्प बसले तर मला झोप लागत नव्हती," तो म्हणाला. "आणि या सगळ्या सोळा वर्षं गप्प होत्या, तर मी म्हणायचो, सभा किती शांततेत पार पडली." तो उठला आणि वह्या तिथेच विसरून गेला.

बुधवारी सकाळी लितिआने मला बोलावलं. तिला रात्रभर झोप नव्हती.

"त्याला विचार," ती म्हणाली, "काल होड्यांपाशी काही ऐकू आलं का."

मी गेले. इनोके घरामागे हात धुवत होता. दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

"तिला सांग, काही नाही," तो म्हणाला. "लाटांचा आवाज फार होता." त्याच्या कुळाचे आणखी तिघेजण तिथे चहा पीत बसले होते. मी न विचारताच तेही म्हणाले, "काही नाही. फार आवाज."

मी लितिआला तसंच सांगितलं. तिने निःश्वास सोडला. मग आम्ही दोघी टेकडीवर गेलो, अधिकारी यायच्या आधी जागा डोळ्यांखालून घालावी म्हणून.

सभाघराच्या खुंट्या वीस पावलं पलीकडे उन्हात नेऊन ठोकल्या होत्या. इवीच्या झाडाखालचं गवत कापलेलं होतं, आणि तिथे काळ्या दगडांनी आखलेले चार लहान चौकोन होते. ते दगड टेकडीवर मिळत नाहीत, खाली समुद्रावरच मिळतात, आणि एकेक उचलायला दोन माणसं लागतात. काही अजून ओले होते.

लितिआने चारही चौकोन पाहिले. "बरं झालं," ती म्हणाली, "त्यांना काही ऐकू आलं नाही." मग ती पहिल्या चौकोनापाशी खाली बसली आणि तिने मुलीला नावाने हाक मारली.